आपले कार्ड आपणच लिहायचे
(जालना जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. माझ्याकडे वेगळे काम आले आहे. मेमरी कार्डावर संगणकाची यंत्रणा कशी लिहितात ते सांगायचे. हे ऐकताच मागच्या रांगेतल्या मंडळींनी तंबाखू मळायला घेतली, ते मला दिसते आहे. मळा, पण कान इकडे ठेवा. हा विषय पावसाच्या आकड्याचा आहे.

अतिवृष्टीचा सरकारी निकष तुम्हाला पाठ आहे. चोवीस तासांत 65 मिलिमीटर. हा पाऊस मोजला जातो तो तुमच्या शेतात नव्हे, महसूल मंडळाच्या केंद्रावर. महावेध प्रकल्पात मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ते चांगलेच झाले. पण एका मंडळात गावे किती? आणि आपला पाऊस असा, की ओढ्याच्या अलीकडे कपाशी पाण्यात उभी आणि पलीकडे बैलाच्या खुरामागे धूळ. केंद्रावर 58 आले, तर तुमच्या शिवारात पडलेले 90 कोण विचारतो?

म्हणून गावात आपले मोजमाप पाहिजे. त्यावर तहसीलदार लगेच मदत देतील, असे मी म्हणत नाही. पण पंचनाम्याची मागणी लेखी करताना 'लई पाऊस झाला' असे लिहिणे वेगळे आणि तासातासाचा आकडा जोडणे वेगळे. नुसता पाऊस मोजायला साधी नळीही पुरते. मात्र रात्री पडलेला पाऊस कधी सुरू झाला आणि किती तासांत पडला, ते नळी सांगत नाही. त्यासाठी आत छोटा पाळणा असलेले पर्जन्यमापक मिळते. ठरावीक पाणी साचले की पाळणा उलटतो. एका उलटण्याला 0.2 मिलिमीटर धरले, तर 65 मिलिमीटरला तो 325 वेळा उलटतो. हे मोजायला आणि वेळेसह लिहून ठेवायला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक चालतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो शिकणाऱ्या पोरांसाठी बनवला आणि 29 फेब्रुवारी 2012 रोजी बाजारात आणला. त्याचे सगळे डोके नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. कार्ड कोरे असेल तर यंत्र म्हणजे वीट.

आता पोरे काय करतात? यंत्रणेची फाइल उतरवून घेतात आणि गाणे टाकावे तशी कार्डात टाकतात. यंत्र सुरू होत नाही. बियाण्याचे पोते बांधावर नेऊन ठेवले म्हणजे पेरणी झाली का? ती फाइल, तिला इमेज म्हणतात, कार्डाच्या पहिल्या कप्प्यापासून ओळीने लिहावी लागते. हे काम रास्पबेरी पाय इमेजर नावाचा प्रोग्राम करतो. तो फुकट मिळतो. यंत्र निवडा, यंत्रणा निवडा, कार्ड निवडा. पडद्याची गरज नसलेली 'लाइट' यंत्रणा आपल्याला पुरते. नाव, पासवर्ड आणि वायफाय तिथेच भरून टाका.

कार्ड निवडताना मात्र दोनदा पाहा. लिहिणे म्हणजे नांगरणी, आधीचे काही उरत नाही. चुकून लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह निवडला, तर फोटो गेले. लिहून झाले की प्रोग्राम सगळे परत वाचून ताडून पाहतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते टाळू नका. गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहता ना, तेच हे. एवढे झाल्यावर तेच कार्ड विंडोजच्या संगणकाला पुन्हा लावले, तर तो विचारू शकतो, कार्ड फॉरमॅट करू का? 'नाही' म्हणा. लिनक्सचा भाग त्याला वाचता येत नाही, म्हणून तो तसे विचारतो. इथे 'हो' म्हणून पुष्कळांनी केलेली मेहनत घालवली आहे.

बोगस बियाणे तुम्हाला सांगायला नको. कार्डेही बोगस येतात. वर 64 जीबी छापलेले, आत आठच. ते तपासायला 'एफ3' नावाचा प्रोग्राम आहे. नवे कार्ड आधी त्यातून काढा.

मग आपली वीज. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डातला मजकूर बिघडू शकतो. म्हणून यंत्राला बॅटरी द्या आणि पावसाची नोंद वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. दुसरे म्हणजे घड्याळ. या संगणकाच्या बहुतेक नमुन्यांत स्वतःचे घड्याळ नसते. इंटरनेट नसताना चार तास वीज गेली, तर तो चार तास मागे राहतो. मग तुमचे चोवीस तास कुठून मोजायचे? डीएस3231 नावाचे छोटे घड्याळ सेलसह जोडा. आकड्यावर वाद घालायचा असेल तर वेळ पक्की लागते.

एक कार्ड नीट जमले, त्यात मोजणीचा प्रोग्राम बसला, की त्या सबंध कार्डाचीच इमेज काढता येते आणि तीच दहा गावांच्या कार्डांवर लिहिता येते. संकरित कपाशीची सरकी ठेवून पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट आणावे लागते. मालदांडी ज्वारीचे तसे नाही. घरचे बी नीट निवडून ठेवले तर पुन्हा मालदांडीच येते, शेजाऱ्यालाही देता येते. ही लिनक्सची यंत्रणा मालदांडीच्या जातीची आहे. नक्कल करा, वाटा, परवानाच तसा आहे. ज्या यंत्राचे कार्ड कंपनीच्या माणसाशिवाय कुणाला लिहिता येत नाही, ते ऐन मृगात बंद पडले की त्याची वाट पाहत बसायचे. पण नक्कल करताना प्रत्येक कार्डाचा पासवर्ड आणि गावाचे नाव बदला, नाहीतर भोकरदनचा पाऊस मंठ्याच्या वहीत जाईल.

प्रत्येक तालुक्याने दोन पोरे किंवा पोरी द्याव्यात. त्यांनी संगणक, कार्ड रीडर आणि एकसारखी दोन कार्डे घेऊन यावे. एक यंत्रात लावायचे, दुसरे लिहून, तपासून डबीत ठेवायचे. चहा झाला की इथेच बसू.