वीर यशवंतराव घाडगे यांचे पुण्यस्मरण



जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी माणगाव तालुक्याच्या एका सुपुत्राचे स्मरण करणे उचित होईल. नाईक यशवंतराव घाडगे हे पळसगावचे. मराठा पलटणीतून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले.

दि. १० जुलै १९४४. टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. यशवंतराव एकटे उरले, पण मागे फिरले नाहीत. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरण्यास सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांना समाधी नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. २०२३ साली तेथील मोन्तोने गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले. परमुलखाने आठवण ठेवली. माणगावातही त्यांचा पुतळा आहे. परंतु पुतळा बोलत नाही, घरच्या वडीलधाऱ्यांनीच बोलावे लागते.

देवळाच्या दगडावर देणगीदारांची नावे राहतील. तसेच हे नाव मुलाबाळांच्या तोंडी राहो, हीच देवाचरणी प्रार्थना.