हातचा कोणी घ्यायचा?

हातच्याची वजाबाकी. पहिलं गणित बाई फळ्यावर सोडवतात, मोठ्यानं विचार करत: ‘दोनातून सात जात नाहीत, मग दशकाकडून एक घेऊ.’ दुसरं सगळा वर्ग मिळून, तिसरं जोडीनं, चौथं एकट्यानं. शिकण्याची जबाबदारी अशी हळूहळू मुलांकडे सरकवण्याची कल्पना पिअरसन आणि गॅलाघर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ मध्ये वाचन-आकलनाच्या संदर्भात मांडली.

त्याआधी, १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे रचायला दिले होते. मूल अडलं की मदत वाढवायची, जमू लागलं की हात मागे घ्यायचा. खरी मेख इथेच आहे, कारण हात मागे घेणं शिक्षकालाच जास्त जड जातं!

आपल्याकडे बऱ्याचदा मधल्या पायऱ्याच गळतात. फळ्यावर एक उदाहरण, बाकीचा स्वाध्याय घरी. मग तो आई नाहीतर क्लासवाले सोडवतात. भरलेल्या वर्गात प्रत्येकाकडे पाहणं कठीण, हे मान्य. पण जोड्या लावायला पैसे पडत नाहीत. आणि चौथ्या गणितावर कुणी अडखळलं, तर त्याला पुन्हा तिसऱ्यावर, जोडीदारापाशी बसवावं.