गाडीतील ओल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "तुमच्या त्या गाडीची हकीकत सांगा" असे फर्मावले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगावयाची हौस कुणाला असते? पण बाई म्हणाल्या, "आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवितात, आणि बाकीच्या शेजारी बसतात." हे मला पटले, कारण मी जी ओल सांगणार आहे ती बहुधा शेजारी बसणारीच्याच पायांशी होते!

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. आमच्या साताऱ्याच्या घरी आठ वर्षांची जुनी गाडी होती. जुलैमध्ये एके दिवशी डाव्या बाजूच्या पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागला. हे म्हणाले, "अगं, पाऊस आहे, छत्री ठिबकली असेल." मी जुने पंचे घालून ओल टिपली. चार दिवसांनी पुन्हा ओल. गॅरेजात विचारले, तर तेथला मुलगा न वाकताच म्हणाला, "काकू, एसीचं पाणी आहे. नळी साफ करू." नळी साफ झाली, पैसे दिले, आणि आठ दिवसांनी ओल पुन्हा हजर!

याच सुमारास आणखी दोन गोष्टी झाल्या. गाडीत काकवी तापविल्यासारखा गोडसर वास येऊ लागला. मला वाटले, नातीने कुठेतरी गोळी चिकटवून ठेवली असेल. आणि पुढच्या काचेवर आतून धुके धरू लागले. ते फडक्याने पुसले की काच स्वच्छ होण्याऐवजी तेलकट हात फिरविल्यासारखी दिसे. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळीही उतरली होती. मी काय केले? स्वयंपाकघरातल्या नळाचे तांब्याभर पाणी आणून ओतले, आणि आपण गाडीची काळजी घेतली म्हणून समाधान मानले. तीन खुणा तीन ठिकाणी दिसत होत्या. त्या एकत्र करून पाहावयाचे मला सुचले नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून परत येत होतो. मी चालवीत होते, हे शेजारी, मागे चार वर्षांची नात. पुण्याहून साताऱ्याकडे येताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागे. अर्ध्या चढावर उष्णता दाखविणारा काटा वर सरकू लागला. गाडी शिकविणाऱ्या बाईंनी सांगितले होते, की इंजिन फार तापले तर हिटर लावावा, म्हणजे थोडी उष्णता बाहेर पडते. सल्ला चांगला होता. मी हिटर लावला मात्र, समोरच्या जाळ्यांतून गरम, गोड वासाची वाफ भसकन आत आली आणि काच पांढरी झाली. समोर काही दिसेना. बाजूची काच खाली करून, मान बाहेर काढून मी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि बंद केली. नात "आजी, डोळे चुरचुरतात" म्हणून रडू लागली. मैत्रिणींनो, तो क्षण आठवला की अजून माझ्या हातांना कंप सुटतो.

नातीला घेऊन आम्ही कठड्यापलीकडे उभे राहिलो. ह्यांनी हाताला टॉवेल गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण उघडावयास निघाले. तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "काका, हात लावू नका! भाजाल!" त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याचे कारण आपणां बायकांना पुस्तकावाचून कळण्यासारखे आहे. साधे पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, तरी उकळत नाही. गाडीतही तसेच दाबाचे झाकण असते. शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण आपण कधी ओढू का? मग तापल्या गाडीचे तरी का उघडावे? चांगला तासभर थांबावे, वरची नळी हाताला गार लागू द्यावी, मगच झाकणाला हात लावावा.

ड्रायव्हरने फोन करून पायथ्याच्या खंडाळ्याहून (हे आपल्या जिल्ह्यातले, लोणावळ्याजवळचे नव्हे) एक वयस्कर मिस्त्री बोलाविला. त्याने पांढरे फडके मागितले, ते ओल्या गालिच्यावर दाबले आणि मला दाखविले. फडक्यावर फिकट हिरवी छटा होती. "ताई, बोटं चोळून बघा." बोटे बुळबुळीत लागली. "हे पावसाचं नाही, एसीचंही नाही. हे इंजिनाचं पाणी आहे."

मग त्याने समजावून सांगितले ते असे. इंजिन थंड ठेवणारे पाणी रेडिएटरमध्ये जाते, तसे दोन रबरी नळ्यांनी डॅशबोर्डच्या आत असलेल्या एका छोट्या जाळीतही जाते. तीच हिटरची जाळी. थंडीत पंखा तिच्यावरून वारा सोडतो आणि आपल्याला ऊब मिळते. साताऱ्यात हिटर लावतो कोण? पण बहुतेक गाड्यांत गरम पाणी त्या जाळीतून बाराही महिने फिरतच असते. ती फुटली की पाणी गालिच्यावर, वाफ काचेवर आणि वास नाकात!

त्या दिवसापुरता त्याने बॉनेटखालून जाळीकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडविल्या, त्या नळीच्या तुकड्याने एकमेकींना जोडून क्लिपा आवळल्या, म्हणजे पाणी जाळीत जाणेच बंद केले. गार झालेल्या इंजिनात पाणी भरले आणि आम्ही काट्यावर डोळा ठेवून, हळूहळू सुखरूप घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या गॅरेजात गेले, पण आता न वाकता उत्तर देणाऱ्याचे ऐकावयाचे नाही असे ठरवूनच. तेथल्या मिस्त्रींनी जाळीच्या नळ्या पुन्हा जागेवर लावल्या आणि गार रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. बाहेरच्या नळ्या आणि सांधे कोरडे होते. गालिच्यावर मात्र थेंब जमला. इंजिनातल्या तेलाची पट्टी काढून, तेल दुधाळ झालेले नाही हेही त्यांनी मला दाखविले. तसे असते तर पाणी इंजिनाच्या आतही मुरत आहे असा संशय घ्यावा लागला असता.

कुणीतरी गळती बुजविणारी पूड घालावयास सुचविले. मिस्त्री म्हणाले, "ती भोकाबरोबर बारीक वाटाही बुजवते." म्हणून जाळीच बदलली. जाळीपेक्षा मजुरीच अधिक झाली, कारण डॅशबोर्ड सगळा उतरवावा लागतो. त्यात एअरबॅग असते, म्हणून आधी बॅटरीची तार सोडून थोडा वेळ थांबावे लागते. काही गाड्यांत एसीचा गॅसही आधी यंत्राने काढून घ्यावा लागतो. नवे पाणी भरल्यावर हिटर पूर्ण गरमवर ठेवून त्यांनी इंजिन चालू ठेवले आणि आत अडकलेली हवा जाऊ दिली. ही हवा राहिली तर नवी जाळी असूनही गाडी तापते. गालिचा आणि त्याखालचा जाड नमदा काढून, धुऊन उन्हात वाळविला. नाहीतर वास जात नाही आणि खालचा पत्रा गंजतो.

जुनी जाळी त्यांनी माझ्या हातात ठेवली. आत पांढरी खपली धरली होती, अगदी आपल्या बंबात धरते तशी, आणि एका कोपऱ्यात गंजून बारीक छिद्र पडले होते. आठ वर्षांत कूलंट एकदाही बदलले नव्हते. त्यातली गंज रोखणारी द्रव्ये काळाने संपतात; वर मी नळाचे जड पाणी घातलेले. अपराध गॅरेजच्या मुलाचा होता, तसा माझाही होता.

आता कामाचे तेवढे सांगते. गाडीत ओल दिसली की "हे कुठले पाणी?" असे प्रथम विचारा. गाडी नुसती उभी असताना पावसात ओल आली तर ते पावसाचे. दाराचे रबर आणि काचेखाली साचलेला पाला पाहा. एसी चालविल्यावरच आली, पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल, तर ते एसीचे. पण बुळबुळीत, रंगीत, गोड वासाचे असेल आणि बाटलीतली पातळी उतरत असेल, तर गाडी बाहेर काढू नका. महिन्यातून एकदा, गाडी गार असताना, बाटलीवरची खूण पाहा आणि दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. भर घालावयाची तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात सांगितल्या प्रमाणात. दोन जातींची मिसळू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्याला चव घेऊन पाहावयाची सवय असते. ती येथे नको! कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. ते मूत्रपिंडे निकामी करते. मुले आणि कुत्री-मांजरे गोडीला भुलतात. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलाच्या पोटात थोडे जरी गेले, तरी ते हसत-खेळत असले म्हणून वाट न पाहता तडक इस्पितळात न्या. माझी नात महिनाभर त्या गाडीत अनवाणी खेळली होती. तिला काही झाले नाही, ही माझी हुशारी नव्हे, देवाची कृपा.

घरात भिंतीला ओल आली तर ती कुठून आली हे शोधल्यावाचून आपण गिलावा करीत नाही. गाडीला वेगळा न्याय कशाला? "ते पुरुषांचे काम" किंवा "मिस्त्री म्हणतात ना" असे म्हणून मी महिनाभर पंचे वाळवीत बसले. तुम्ही एक पांढरे फडके घ्या आणि स्वतः वाकून पाहा, एवढेच माझे सांगणे.