मोहोळ, पाल आणि गॅलरीतली ट्यूबलाइट

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत विषय छापला होता, 'घरातील मधमाश्या व पाली : समज, गैरसमज आणि उपाय'. श्रोत्यांपैकी बहुतेकांना शेवटच्या शब्दाशीच मतलब होता. पुढच्या रांगेतल्या एक काकू तर वही उघडून बसल्या होत्या. वक्ते कीटकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शाल-श्रीफळ आटोपल्यावर त्यांनी माइक जवळ ओढला आणि विचारलं, "तुमच्या गॅलरीतली ट्यूब रात्री किती वाजता बंद होते?" मागून आवाज आला, "सिरियल संपल्यावर!" हशा पिकला. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

मधमाश्यांच्या जाती 'तुम्हाला ठाऊकच आहेत' म्हणून त्यांनी झपाट्यानं मागे टाकल्या. टाकीखाली, सज्जाखाली उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते ती आग्या. भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीत, अंधारात ओळीनं पोळी बांधते ती सातेरी. कुंडीतल्या झाडाच्या फांदीला लहानसं पोळं करते ती फुलोरी. सातेरी पेटीत नांदते, म्हणून मधपाळ तिला खुशीनं घेऊन जातो. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं, तिथली परंपराही याच माशीची. आग्या पेटीत राहत नाही आणि शहरातला सगळा तंटा तिच्याशीच.

इथून गाडी दिव्याकडे वळली ती वळलीच. आग्यामाशी चांदण्या रात्रीही चारा शोधायला बाहेर पडते. अर्धाअधिक चंद्र असला की तिला तेवढा उजेड पुरतो, अमावास्येला ती पोळ्यावरच असते. आसपास ट्यूब पेटलेली असली की ती तिकडे ओढली जाते आणि काचेला धडका देत राहते. सकाळी गॅलरीत मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो आणि घरमालक ओरडतो, मोहोळ उठलं! पालीचं गणित तर आणखी सरळ. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं, की उडणारा कीटक जिकडे उजेड जास्त तिकडे पाठ करतो. रानात ती बाजू आकाशाची असते, म्हणून तो सुलटा उडतो. दिव्याजवळ आला की दिव्याकडे पाठ करून घिरट्या घालत बसतो, सुटत नाही. पालीला मग फक्त ट्यूबच्या पट्टीमागे दबा धरून बसायचं असतं. "पाल तुमच्याकडे येत नाही हो, तुम्ही लावलेल्या पंगतीला येते," असं म्हणून ते पाणी प्यायले.

त्यानंतर निघाली एका सोसायटीची गोष्ट, दोन मिनिटांची म्हणून सुरू झालेली. टाकीखाली मोहोळ, कमिटीची बैठक, ठराव, ठरावाला उपसूचना. शेवटी कोणीतरी टेंभा घेऊन येणारा माणूस शोधला आणि मुहूर्त धरला रात्री नऊचा. माश्या झोपलेल्या असतात म्हणे! टेंभा लावताच पंख जळालेल्या माश्या खाली पडल्या आणि उरलेल्या हजारो उजेड दिसेल तिकडे सुटल्या. उजेड होता प्रत्येक घरात, आणि गंमत बघायला प्रत्येक खिडकी उघडी. एका घरात सत्यनारायण चालू होता, तिथे गुरुजी पोथीसकट न्हाणीघरात. उपसूचना मांडणारे गृहस्थ गादीच्या खोळीत शिरले, इथे प्राध्यापकांनी खोळ अंगावर कशी ओढायची ते शालीनं करून दाखवलं. वॉचमनला तेवढं सुचलं. त्यानं मेन स्विच पाडला आणि माश्या रस्त्यावरच्या हॅलोजनकडे गेल्या. पुढच्या हंगामात त्याच टाकीला नवं मोहोळ लागलं. जुन्या मेणाचा वास माश्यांना पुन्हा तिथेच आणतो, आणि टाकी खरवडायचा ठराव कोणी केलाच नव्हता.

"सर, अजिंठ्याच्या कड्यावर कुठली ट्यूबलाइट?" मधल्या रांगेतून एका तरुणानं विचारलं. टाळ्या पडल्या. प्रश्न रास्त होता. आग्या उंच कातळाला आणि झाडाला पोळं लावते, तिच्या लेखी बारा मजली इमारत हाही कातळच. प्राध्यापक जरा तडकले. मोहोळ दिव्यामुळे लागतं असं आपण म्हटलंच नाही, दिवा त्याला तुमच्या दिवाणखान्यात आणतो एवढंच, अशी त्यांनी सारवासारव केली. तेवढ्यात पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय असलेले एक गृहस्थ उभे राहिले: "म्हणजे आम्ही दुकानं बंद करून बल्ब विकायचे?" उत्तर आलं, "विका. पिवळे विका. पांढऱ्यापेक्षा त्यांवर किडे कमी येतात."

वेळ संपत आल्याची पहिली चिठ्ठी आली तेव्हा ते भीमाशंकरला पोचले होते. तिथल्या जंगलात भुंग्याची एक जात पूर्ण अंधारात, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात उडते. संशोधक हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या अल्मुट केल्बर व एरिक वॉरंट यांनी २००८ मध्ये दाखवलं, की त्या उजेडातही हा भुंगा आपल्या बिळाजवळची खूण रंगावरून ओळखतो. त्याच केल्बरबाईंनी लीना रोथ यांच्याबरोबर त्याआधी वायव्य आफ्रिकेतल्या एका निशाचर पालीची परीक्षा घेतली होती. अंधुक चांदण्यात माणसाला सगळं करडं दिसतं, तिला निळा आणि करडा वेगळा कळतो. "असल्या डोळ्यांपुढे आपण चाळीस वॉटची कांडी धरतो!" सभागृह खरोखर गप्प झालं. काकूंची वही मात्र कोरीच होती.

दुसऱ्या चिठ्ठीवर 'पाच मिनिटे' होतं. उपाय धावतच आले. घोळका नुसता फांदीला लटकलेला दिसला तर थांबा; त्याच्याकडे ना मध ना पिल्लं, बहुधा एक-दोन दिवसांत जातो. आग्या फुलोरा संपला की स्थलांतर करते, तोवर खिडकीला जाळी आणि रात्री पडदा. मग टाकी खरवडा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड झाकून बंद खोलीत पळा. नांगी नखानं काढा नाहीतर चिमटीनं, पण ताबडतोब. तिच्या विषाच्या पिशवीतून विष येतच राहतं आणि केळ्यासारखा वास बाकीच्यांना बोलावतो. दम लागला, ओठ सुजले तर घरगुती लेप नकोत, थेट दवाखाना, तिथे ॲड्रेनालिन मिळतं. पालीसाठी अंड्याची टरफलं आणि मोरपीस टांगणं फुकट आहे. चिकट पट्ट्या क्रूर आहेत. त्यांवर पाल तासन्‌तास तडफडते. नॅप्थलीनच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या घरात नकोतच. फटी बुजवा आणि, अर्थातच, ट्यूब.

"पाल अंगावर पडली तर?" एका आजींनी विचारलं. पंचांगात पल्लीपतनाचं फळ अवयवागणिक दिलेलं असतं, हे सगळ्यांनाच माहीत. प्राध्यापक म्हणाले, "आजी, तिचा तोल गेला एवढंच फळ." आजींचं समाधान झालं नाही. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात छतावरच्या सोन्या-चांदीच्या पालींना हात लावायला लोक रांग लावतात, असं त्यांनी उलट सुनावलं आणि टाळ्या आजींना मिळाल्या.

कार्यवाह आभाराला उठले होते, तरी काकूंनी हात वर केलाच. दुधात पाल पडली तर? "टाकून द्या. आपल्याकडची एकही पाल विषारी नाही, पण तिच्या लेंडीत साल्मोनेला असू शकतो. उकळून देवाला दाखवायचा विचार करू नका." काकूंनी वहीत संध्याकाळची पहिली ओळ लिहिली, आणि कार्यवाहांनी उद्याच्या वक्त्यांचं नाव वाचायला घेतलं.