बार्शी लाइटची स्टेशने : उरलेली आणि पुसलेली



मिरजेपासून लातूरपर्यंत ३२५ किलोमीटर धावणारी बार्शी लाइट रेल्वे इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यातून कुणी वारीला गेले असेल, कुणी शाळेला, कुणी सासरी. त्या गाडीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मला आज बोलायचे आहे ते ती जिथे थांबायची त्या जागांविषयी. इंजिनांचे फोटो लोकांनी जपले. स्टेशने मात्र आपण धड मोजलीसुद्धा नाहीत.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची मुंबई-सोलापूर लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली. बार्शी म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याची मोठी पेठ. घाटावरचा कापूस आणि धान्य इथे उतरायचे आणि पुढे एकवीस मैल बैलगाडीने ‘बार्शी रोड’ला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला जायचे. पावसाळ्यात काळ्या मातीतून भरलेली गाडी ओढणे म्हणजे काय, हे या भागात कुणाला सांगायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपीत नोकरीला आला होता. अरुंद रुळांची स्वस्त लाईन इथे चालेल असे त्याने ताडले, १८९५ साली लंडनला कंपनी काढली आणि १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू केली.

दोन रुळांमधले अंतर अडीच फूट. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा नेम. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल हलके चालले, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे स्टेशनही हलके चालले. मोठ्या कंपनीने ज्या गावाकडे ढुंकून पाहिले नसते, त्या गावाच्या शिवारात या लाईनने फलाट बांधला. १९०६ साली गाडी तडवळ्यापर्यंत गेली आणि त्याच साली दुसऱ्या बाजूने पंढरपूरला पोचली. १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. इंग्रजी मुलूख, निजामाचा मुलूख आणि मिरजेचे संस्थान या एका अरुंद लाईनने शिवले.

छोटे स्टेशन म्हणजे तरी काय? मास्तरची खोली, तिकिटाची खिडकी, मालाचा काटा, कंदील ठेवायची जागा, एक-दोन कडुनिंब. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाईन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही, म्हणून तिथे रात्रंदिवस माणूस जागा असे. खेड्यात घड्याळ नव्हते तेव्हा स्टेशनात होते. तार होती. कापसाचा भाव, मुंबईची बातमी, दूरच्या नातेवाइकाच्या मयताचा निरोप याच खिडकीतून गावात येई. आषाढीला तर प्रवासी डबे पुरत नसत आणि वारकरी मालाच्या वाघिणींतून पंढरपूरला जात. त्या दिवसांत मधल्या स्टेशनांचे फलाट म्हणजे मुक्कामाची ठिकाणेच होत असतील.

तडवळ्याकडे मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. पाच वर्षे हे गाव या लाईनचे शेवटचे स्टेशन होते. पुढे फेब्रुवारी १९४१ मध्ये याच कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. एका खेड्यात, वतनदारीच्या जोखडाखालच्या माणसांनी ही परिषद भरवली. तिच्यामागे माणसांची हिंमत होती, यात शंका नाही. पण लाईनवरच्या गावाला चार जिल्ह्यांची माणसे बोलावता येतात, हेही तितकेच खरे आहे. गावाचा इतिहास लिहिताना आपण देवळाचा शिलालेख वाचतो, पाटलाच्या वाड्याचे दार पाहतो. मग स्टेशनाची भिंत का पाहत नाही?

१९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत गेली. रुंदीकरण मात्र फार उशिरा आले. कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ साली रुंद झाली, लातूर-उस्मानाबाद (आजचे धाराशिव) २००७ साली, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ साली, आणि शेवटी पंढरपूर-मिरज. हे व्हायलाच हवे होते. अरुंद लाईनवरचा माल कुर्डुवाडीला आणि मिरजेला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. हमालांच्या पाठी आणि व्यापाऱ्यांचे पैसे त्यात जात. जुनी लाईन धाराशिव शहराला टाळून येडशीवरून जाई. जिल्ह्याच्या गावाला स्टेशन नाही, हा अन्याय नव्या मार्गाने दूर केला. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली ती याच रुंद झालेल्या मार्गाने. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. अरुंद लाईनवर असल्या वाघिणी चढल्याच नसत्या. तेव्हा जुनी गाडी परत आणा, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

माझे दुखणे वेगळे आहे. नवा मार्ग जुन्या मार्गापासून जिथे हटला तिथे जुने स्टेशन एका दिवसात निरुपयोगी ठरले. जिथे हटला नाही तिथे नवी इमारत उभी राहिली आणि जुनी अडचण झाली. स्टेशन मरते ते ठरावीक क्रमाने. आधी रूळ उचलून भंगारात जातात, मग स्लीपर, मग दारे-खिडक्या आणि छपराचे पत्रे. उरलेल्या भिंतीत शेळ्या बसतात, मग भिंतीचे दगड कुणाच्या तरी पायात जातात. जमीन रेल्वेची, त्यामुळे ग्रामपंचायत हात लावत नाही. गाडी नाही, त्यामुळे रेल्वे लक्ष देत नाही. लातुरात आजही पत्ता सांगताना ‘जुनी रेल्वे लाईन’ म्हणतात. ती लाईन न पाहिलेली पिढी आता कॉलेजात आहे. कुर्डुवाडीचा वर्कशॉप मात्र टिकला. माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांचे काम तिथे होते, म्हणून अरुंद रुळांची कारागिरी तिथल्या हातांत अजून शिल्लक आहे. टिकला तो कामामुळे, हे ध्यानात घ्या.

विदर्भात पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद रुळांवरच्या गाडीची स्टेशनेही याच वाटेवर आहेत. तिथे रुंदीकरणाचे काम सुरू होण्याआधी नोंदी करता येतील. आपल्याला ती संधी मिळाली होती, आपण ती घालवली.

याच कॅलथ्रॉपने बार्शीनंतर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या ग्रामीण भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन बांधली. तेच अडीच फुटी रूळ, बार्शीच्या अनुभवावर बेतलेली इंजिने, तीही बार्शीची इंजिने बांधणाऱ्या लीड्सच्या किटसन कारखान्यातलीच. १९०४ साली सुरू झालेली ही आठ मैलांची लाईन चालली नाही. १९३४ साली ती बंद पडली. आपल्या लाईनने शंभरी ओलांडली, तिने तीस वर्षेच काढली. पण बंद झाल्यावर तिथे काय झाले पाहा. रूळ काढलेला पट्टा रेल्वेने जिल्हा परिषदेच्या हवाली केला आणि १९३७ साली त्यावर चालायची वाट झाली. ती आजही आहे. हल्म एंड या टोकाच्या स्टेशनाची तिकीट कचेरी जतन केली आहे आणि तिथे येणाऱ्याला लाईनची माहिती मिळते. तीस वर्षे चाललेल्या लाईनला जे मिळाले, ते शंभर वर्षे चाललेल्या लाईनला का मिळू नये?

यासाठी फार पैसा लागत नाही. धाराशिव, सोलापूर, लातूर आणि सांगली या चार जिल्ह्यांत बार्शी लाइटची जी स्टेशने, मालधक्के, पाण्याच्या टाक्या, पूल आणि क्वार्टरे उभी आहेत, त्यांची एक यादी आधी झाली पाहिजे. प्रत्येक इमारतीची मापे आणि फोटो घेतले पाहिजेत. ग्रामसभेत ठराव करून रेल्वेकडे एखादी इमारत वाचनालयासाठी भाड्याने मागता येते. नकार आला तर पुन्हा मागावी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात, त्यांना या कामाला लावा. या लाईनवर काम केलेले गँगमन, पॉइंट्समन, मास्तर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यायचे काम पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुने तिकीट, मालाची पावती, स्टेशनासमोर काढलेला लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो असेल, तर तो पेटीत ठेवू नका. मागे गावाचे नाव आणि साल लिहा आणि त्याची एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात या पावसाळ्याआधी नेऊन द्या.