राग शिकवला, गळ्याचं काय?



संगीतशिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षानं संगीताच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त करायची, अशी आपल्याकडे रीत आहे. ते काम परिसंवादातले वक्ते माझ्यापेक्षा चांगलं करतील. मी प्रा. बी. आर. देवधरांविषयी बोलणार आहे आणि त्यांच्या निमित्तानं आपल्या वर्गांविषयी.

देवधर म्हटलं की आपण 'कुमार गंधर्वांचे गुरू' एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. शिष्य फार मोठा झाला की गुरूच्या वाट्याला असं अर्धं वाक्य येतं. १९०१ साली मिरजेत जन्मलेला हा माणूस विष्णु दिगंबर पलुसकरांचा शिष्य होता. पदवीपर्यंत शिकलेले गवई तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यांतला हा एक. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' काढलं. ऑपेरा हाऊसच्या परिसरातल्या त्या शाळेत सगळ्या घराण्यांच्या गवयांचा राबता असे. सिंधे खाँसारख्या फकिरी वृत्तीच्या उस्तादाकडून त्यांनी चिजा घेतल्या आणि स्क्रिंझी नावाच्या युरोपीय संगीतज्ञाकडे पाश्चात्त्य संगीताचे धडेही गिरवले. 'संगीत कला विहार'चं संपादन केलं, 'थोर संगीतकार' लिहिलं. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यांत मोठं काम मात्र वेगळंच आहे. गाणाऱ्याचा आवाज बिघडतो कसा आणि तो राखता येतो का, हा प्रश्न त्यांनी विद्येचा प्रश्न म्हणून हाताळला.

त्या काळी आवाज ही देवाची देणगी होती आणि गेला तर नशीब. अल्लादिया खाँसाहेबांची हकिकत आपण सगळेच सांगतो. एका संस्थानिकाच्या हौसेखातर अतोनात गावं लागलं, आवाज गेला, पहिल्यासारखा परत आला नाही, आणि उरलेल्या आवाजातून त्यांनी स्वतःची गायकी घडवली. ऐकताना आपण मान डोलावतो. पण त्या गळ्यात नेमकं काय झालं असेल, हे विचारायचं आपल्या मनात येत नाही. प्रतिभेची गोष्ट आपल्याला पुरते. देवधरांना ती पुरत नव्हती. श्वास कुठून घ्यायचा, जबडा किती सैल ठेवायचा, जीभ कुठे असावी, याचा त्यांनी अभ्यास केला, आवाजसाधनेवर लिहिलं आणि ते शिकवलं.

कुमारजी त्यांच्याकडे आले ते अकरा-बारा वर्षांचे असताना. मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाणारा मुलगा. त्याचं आवाज फुटण्याचं वय त्याच शाळेत गेलं. पुढे क्षय झाला, १९४८ च्या जानेवारीत ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि परतले ते एका फुफ्फुसावर गाणारे कुमार गंधर्व. त्यांच्या छोट्या, धारदार स्वराकृतींचं कारण म्हणून समीक्षक त्या फुफ्फुसाकडे बोट दाखवतात. मला ते निम्मंच पटतं. श्वास कमी पडणारे गवई पुष्कळ असतात, कमी श्वासाचा हिशेब मांडून गाणारे विरळा.

आता आपल्या वर्गाकडे येते. शिक्षकाची पट्टी काळी एक, समोरच्या मुलीची काळी चार. तिच्या पट्टीत शिकवायचं तर तिचा षड्ज म्हणजे शिक्षकाचा मध्य पंचम आणि तिचा तार षड्ज म्हणजे त्याचा तार पंचम. म्हणजे त्यानं तिचं अख्खं सप्तक गळा ताणून गायचं, नाहीतर मंद्रात उतरून घुमवायचं. मुलगी पहिल्या प्रकारात ताण उचलते, दुसऱ्यात घुमारा. तिला वाटतं, स्वर लावायचा म्हणजे असाच लावायचा. काही जण यावर सोपा तोडगा काढतात आणि सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत बसवतात. पेटी एक, पट्टी एक, मुलं पंधरा. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, हनुवटी वर, आणि 'आ'काराचा झालेला 'ॲ'कार हे पाहायचं असेल तर अशा वर्गात दहा मिनिटं बसावं. रागशुद्धी तिथेही चोख असते बरं का.

पण पहिला बळी विद्यार्थ्याचा जात नाही, शिक्षकाचा जातो. संध्याकाळभर पाच पट्ट्यांमध्ये गाऊन आणि वर पेटीच्या आवाजावर ओरडून आपल्यातल्या कितीजणांचा आवाज चाळिशीतच खरखरीत झाला आहे, ते चहाच्या वेळी कान देऊन ऐका. आणि त्यावर आपला उपाय काय, तर ज्येष्ठमध. ज्येष्ठमधाशी माझं वैर नाही, घशाला बरं वाटतं. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू आहेत श्वासाच्या वाटेवर. तिकडे काही गेलंच तर ठसका लागतो. पाणी पिणं, वाफ घेणं, गप्प बसणं या गोष्टींना पैसे पडत नाहीत, म्हणून बहुधा त्यांचा मान नाही. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. तंतूंवर गाठी आल्या असतील तर त्या रियाझानं फुटत नाहीत, वाढतात.

आणखी एक दुखणं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं. काल झऱ्यासारखा गाणारा पोरगा आज 'ग'वर जातो आणि आवाज फाटतो. वर्गातल्या मुली हसतात, तो पुढच्या आठवड्यापासून येत नाही, आणि एक गाणारा आपण गमावतो. त्याचं गाणं बंद करायचं कारण नाही. पट्टी खाली घ्यावी, तार सप्तक काही काळ विसरावं, हलक्या आवाजात गाऊ द्यावं, लयीचं काम वाढवावं. आणि त्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरू नये. पालक रागावतील, रागावू द्यावं.

देवधरांची ही वाट अगदीच ओस पडली असं नाही. त्यांच्याकडून आवाजाची विद्या घेतलेल्या अशोक दा. रानड्यांनी ती नट आणि वक्त्यांपर्यंत नेली. गवयांच्या वर्गात मात्र ती अजून पाहुणीच आहे. पाश्चात्त्यांचं सगळं उचलावं असं मी म्हणत नाही. ऑपेरातला गायक वाद्यवृंदाच्या वरून आवाज फेकतो, आपल्याला तंबोऱ्यात आवाज मिळवायचा असतो. कंप, गमक, मींड यांचं आपलं गणित निराळं. ते गणित गळ्याच्या अंगानं मांडायचं काम आपलंच आहे, आणि ते झालेलं नाही.

संमेलनापुढे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली म्हणजे, नव्या विद्यार्थ्याला राग भूपाळी सुरू करण्याआधी त्याची पट्टी, आवाजाचा पल्ला आणि बोलण्याचा स्वर एका वहीत लिहावा, आणि दर सहा महिन्यांनी ते सगळं पुन्हा तपासावं. दुसरी म्हणजे, परीक्षक म्हणून बसू तेव्हा शेऱ्यात गळ्याविषयी एक तरी ओळ लिहावी. दोन्ही सूचना ठरावाच्या रूपानं कार्यवाहांकडे दिल्या आहेत, विरोध असेल त्यांनी खुशाल उभं राहावं. दुपारच्या सत्रात घशाच्या तज्ज्ञ डॉक्टर येत आहेत. त्या कॅमेऱ्यातून स्वरतंतू हलताना दाखवणार आहेत. तपासून घ्यायची तयारी असलेल्या पाच शिक्षकांची नावं त्यांना हवी आहेत. पहिलं नाव मी माझं दिलं आहे, चार जागा शिल्लक आहेत.