गर्भवतीच्या मनाचा भार

गर्भवती स्त्री सरकारी रुग्णालयांत नांव घालावयास जाते, तेव्हां रक्तगट व हिमोग्लोबिन यांबरोबरच तिची एच्. आय्. व्ही. ची तपासणीही होते. क्वचित् एखादीच्या रक्तांत तो विषाणू आढळतो. हें कानीं पडल्यावर पुढें सांगितलेलें फारच थोडें तिच्या ध्यानांत राहतें. म्हणून अनुभवी समुपदेशिका त्या दिवशीं मोजकेंच बोलते, आणि दोन-चार दिवसांनीं तिला पुन्हां बोलाविते.

बहुतेकींचा पहिला प्रश्न स्वतःविषयीं नसतोच. ‘बाळाला होईल का?’ एवढेंच त्या विचारतात. कांहींच उपचार न झाल्यास मातेकडून अपत्यास विषाणू जाण्याचा संभव शेंकडा १५ ते ४५ असतो. गर्भारपणीं व अंगावर पाजण्याच्या काळांत मातेनें औषध नियमानें घेतलें, व बाळासही जन्मतःच दिलें, तर तो शेंकडा ५ च्या खालीं येतो. हें ऐकून तिच्या जिवांत जीव येतो. पण गोळी घ्यावयाची ती रोज, आणि चार माणसांच्या घरांत! खरी अडचण तेथेंच आहे.

घरांत तिचीच तपासणी आधीं झालेली असते, तीही केवळ ती गर्भवती म्हणून. परंतु ज्याचा रोग आधीं कळला त्यानेंच तो आणला, असा विलक्षण न्याय सुशिक्षित घरांतही लावला जातो. नवऱ्यास सांगावें तर तो टाकील ही भीति. न सांगावें तर गोळ्या तांदळाच्या डब्यांत लपवाव्या लागतात, आणि लपविलेली गोळी केव्हां ना केव्हां चुकते. अशा वेळीं ‘काळजी करूं नका’ या वाक्याइतकें निरुपयोगी दुसरें कांहीं नाहीं. जाणती समुपदेशिका, घरीं सांगावयाचे शब्द तिच्याकडून आधीं म्हणवून घेते, नवऱ्याचीही तपासणी सुचविते. मारहाणीचें भय दिसलें तर मात्र घाई करीत नाहीं. संमतीवांचून असें गुपित फोडण्यास २०१७ च्या कायद्यानें सामान्यतः मनाई केली आहे, हेंही ती समजावून सांगते.

दक्षिण आफ्रिकेंतही हीच व्यथा मोठ्या प्रमाणावर होती. तेथें केपटाउन शहरीं २००१ सालीं मिच बेसर या प्रसूतितज्ज्ञांच्या पुढाकारानें ‘मदर्स टू मदर्स’ ही संस्था निघाली. या दिव्यांतून पार पडलेल्या बाधित मातांनाच शिकवून, वेतन देऊन, दवाखान्यांत नव्या गर्भवतींच्या सोबतीस बसविण्यांत आलें. डॉक्टर सांगतात तें स्त्री ऐकून घेते. समोरची बाई ‘मलाही हेंच झालें होतें’ म्हणून आपलें धडधाकट मूल दाखविते, तेव्हां तिला तें पटतें.

ही सोबत बाळंतपणाबरोबर संपून चालत नाहीं. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनीं होते, आणि अखेरचा निर्णय दीड वर्षाचें झाल्यावर. मधल्या काळांत बाळाला साधा ताप आला तरी मातेची झोंप उडते, व कारण विचारणाऱ्या सासूला तिला सांगतां येत नाहीं. शेवटच्या निकालाच्या दिवशीं तेंच मूल आईचें बोट धरून, स्वतःच्या पायांनीं दवाखान्याची पायरी चढतें.